लिफाफा उघडला आणि नाव बाईचे निघाले!

जून-जुलै उजाडला की जात वैधता प्रमाणपत्रासाठी आमच्याकडे माणसांची रांग लागते. अशाच एका दुपारी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आडगावाहून एक माय आपल्या मुलीला घेऊन आली. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारी, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाणारी ही बाई. मुलगी बी.एस्सी.ला, विषय गणित. आम्ही कोतवाल बुकाची नक्कल आणि आजोबाचा शाळेतला दाखल-खारीजचा उतारा पाहत होतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधणे म्हणजे काय दिव्य असते, हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. तेवढ्या वेळात ती मुलगी आमच्या टेबलावरच्या एका जुन्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर गणित सोडवीत बसली होती. सोबत आलेल्या मामाने बोलता बोलता निकालही देऊन टाकला की बाईच्या जातीला एवढे गणित शिकून करायचे काय, त्यापेक्षा नर्सिंग बरे.

मुलगी मामाला काही बोलली नाही. आम्हाला मात्र तिने विचारले की गणितात एखाद्या बाईने जगातले मोठे बक्षीस कधी मिळवले आहे काय? आमच्या मागच्या भिंतीवर तथागतांची, बाबासाहेबांची आणि सावित्रीमाईंची तसबीर. सावित्रीमाईंबद्दल, फातिमाबी शेखबद्दल, मुक्ता साळवेबद्दल आम्ही तासभर बोलू शकलो असतो. पण गणित? आमची वकिली तिथे बंद पडली. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाला एका विद्यार्थिनीच्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, याची लाज वाटली. म्हणून आम्ही शोधले, वाचले आणि जे सापडले ते आज या स्तंभातून त्या मुलीपुढे, तिच्या मामापुढे आणि आमच्या समस्त धम्मबांधव-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

सोफिया कोवालेव्हस्काया हिचा जन्म १५ जानेवारी १८५० रोजी मॉस्कोत झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८४८ मध्ये, क्रांतिबा जोतीराव फुल्यांनी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली होती. म्हणजे ज्या काळात आमच्या सावित्रीमाई अंगावर शेणाचे गोळे झेलीत शाळेत जात होत्या, त्याच काळात रशियात ही मुलगी वाढत होती. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केली पाहिजे. सोफिया आमच्यासारख्या कष्टकऱ्याच्या घरात जन्मली नव्हती. बाप रशियन सैन्यात तोफखान्याचा मोठा अधिकारी आणि जमीनदार. त्या काळी रशियातली शेती भूदासांच्या घामावर चालत होती. जमीन विकली की तिच्यासोबत माणसेही विकली जात. ही भूदासप्रथा १८६१ मध्ये कायद्याने संपली. दुसऱ्यांच्या श्रमावर उभ्या असलेल्या वाड्यातली ही लेक. तरीही तिला दार बंद होते! ज्या व्यवस्थेत जमीनदाराच्या लेकीलाही केवळ बाई म्हणून विद्यापीठाची पायरी चढता येत नव्हती, तिथे भूदासाच्या लेकीचे काय होत असेल, याची कल्पना करण्यासाठी आम्हाला रशियाला जायची गरज नाही. आमच्या आज्यांचा इतिहास पुरेसा आहे.

पालिबिनो नावाच्या खेड्यात तिच्या बापाचा वाडा होता. वाड्याच्या भिंतींना रंगीत कागद लावायचे काम निघाले. मुलांच्या खोलीपर्यंत येता येता कागद संपला. एका खोलीसाठी दूर पीटर्सबर्गहून पुन्हा कागद कोण आणणार? म्हणून माळ्यावर पडलेली रद्दी भिंतीला चिकटवली. ती रद्दी म्हणजे बापाने तरुणपणी विकत घेतलेल्या, ओस्त्रोग्राद्स्की या प्राध्यापकाच्या कलनशास्त्रावरील व्याख्यानांच्या छापील प्रती होत्या. सोफिया त्या भिंतीसमोर तासन् तास उभी राही. कोणत्या पानानंतर कोणते पान येते ते जुळवण्याचा प्रयत्न करी. अर्थ कळत नव्हता, पण चिन्हे डोळ्यांत बसली. पुढे पंधराव्या वर्षी पीटर्सबर्गमध्ये एका शिक्षकाने तिला हाच विषय शिकवायला घेतला, तेव्हा तिला तो इतक्या लवकर उमगला की शिक्षक थक्क झाला.

वाचकहो, ही भिंत वाचताना आम्हाला आमच्याकडची कुडाची घरे आठवली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत मातीच्या भिंतीवर जुनी वर्तमानपत्रे चिकटवलेली कितीतरी घरे आम्ही पाहिली आहेत. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी शाळेच्या पुस्तकाआधी भिंतीवरचा पेपर वाचला आहे. बल्लारपूरचा कागद कारखाना इथल्या जंगलातल्या बांबूवर चालला. बांबू आमच्या जंगलातला, तोडणारे हात आमच्या माणसांचे. पण त्या कागदावर छापलेले गणित आमच्या लेकरांच्या भिंतीपर्यंत किती आले? कागद आमचा आणि अक्षर दुसऱ्याचे, हा खरा हिशेब आहे.

पुढे बापाच्या लक्षात आले की पोरगी गणितातच बुडते आहे. शिकलेल्या बायका त्याला आवडत नव्हत्या. त्याने गणिताचे धडे बंद केले. तेव्हा या मुलीने बीजगणिताचे पुस्तक मिळवले, ते उशीखाली दडवले आणि घर झोपल्यावर रात्री वाचले. शेजारी राहणाऱ्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने आपले पुस्तक तिच्या घरी भेट दिले होते. त्यात प्रकाशाच्या प्रकरणात त्रिकोणमितीची सूत्रे आली. त्रिकोणमिती तिला कुणी शिकवलीच नव्हती. तिने स्वतःच्या डोक्याने त्या सूत्रांचा अर्थ लावला. प्राध्यापकाने ते पाहिले आणि बापाला गाठून सांगितले की या मुलीला शिकवलेच पाहिजे. बापाचे मन वळायला बराच काळ गेला. आमच्या समाजातही असे प्रसंग घडतात. एखादा मास्तर घरी जाऊन बापाची समजूत घालतो आणि एक आयुष्य वाचते. अशा मास्तरांची नोंद कुठल्या सरकारी अहवालात होत नसते.

आता मुद्दा कायद्याचा येतो आणि तो आमच्या धंद्याचा आहे. रशियाची विद्यापीठे स्त्रियांना बंद. शिकायचे तर परदेशी जावे लागणार. पण अविवाहित मुलीला स्वतंत्र पासपोर्ट नाही. बापाची परवानगी पाहिजे, लग्न झाले असेल तर नवऱ्याची. म्हणजे बाई कायद्यापुढे स्वतंत्र माणूसच नाही. ती कुणाची तरी मुलगी नाहीतर कुणाची तरी बायको! त्या वेळी रशियातल्या पुरोगामी तरुणांनी यावर एक तोड काढली होती. एखाद्या विचाराच्या तरुणाशी कागदोपत्री लग्न करायचे आणि बाहेर पडायचे. सोफियाने १८६८ मध्ये व्लादिमिर कोवालेव्हस्की या तरुणाशी असे लग्न केले. तो डार्विनची पुस्तके रशियन भाषेत आणणारा, पुढे प्राचीन जीवाश्मांचा अभ्यासक म्हणून नावाजलेला. शिकण्यासाठी एका बाईला खोटे लग्न करावे लागले. आमच्याकडे खऱ्या लग्नासाठी मुलींचे शिक्षण सोडवतात. कायदा माणसाला माणूस मानत नसेल तर तो माणसाला खोटे वागायला लावतो, ही गोष्ट बाबासाहेबांना नेमकी माहीत होती. म्हणून तर हिंदू कोड बिल रखडवले गेले तेव्हा, १९५१ मध्ये, त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागे इतर कारणेही होती, परंतु स्त्रीच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडणारा दुसरा कायदामंत्री या देशाने पाहिलेला नाही, एवढे आम्ही ठामपणे म्हणू शकतो.

१८६९ मध्ये सोफिया जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहोचली. तिथेही रीतसर प्रवेश नाही. प्रत्येक प्राध्यापकाची वेगळी परवानगी घेऊन वर्गात बसायचे. १८७० मध्ये ती बर्लिनला गेली. तिथे कार्ल वायरश्ट्रास हा त्या काळातला अग्रगण्य गणिती शिकवीत होता. त्याने तिला टाळण्यासाठी म्हणून काही अवघड प्रश्न दिले. तिने ते सोडवून आणले, आणि तेही नव्या रीतीने. तो गृहस्थ चाट पडला. त्याने विद्यापीठाकडे तिच्यासाठी शब्द टाकला. विद्यापीठाने नकार दिला. मग त्याने तिला चार वर्षे घरी शिकवले आणि त्यासाठी काहीही घेतले नाही. वर्गात जे सांगायचे ते सारे तो तिला घरी पुन्हा सांगत असे.

मधेच १८७१ साली पॅरिसमध्ये कामगारांनी आपले राज्य उभे केले, ज्याला पॅरिस कम्यून म्हणतात. सोफियाची थोरली बहीण अॅना आणि तिचा साथीदार त्या लढ्यात होते. सोफिया आणि व्लादिमिर वेढा पडलेल्या पॅरिसमध्ये शिरले. सोफिया काही आठवडे तिथे राहिली, जखमींच्या शुश्रूषेला तिने हात लावला. गणित करणारा माणूस जगापासून तुटलेला असतो, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

१८७४ मध्ये तिने तीन शोधनिबंध लिहिले. एक आंशिक अवकल समीकरणांवर, एक आबेलीय संकलांवर आणि एक शनीच्या कड्यांच्या आकारावर. यातल्या पहिल्या निबंधातला सिद्धांत आजही जगभरच्या विद्यापीठांत कोशी-कोवालेव्हस्काया सिद्धांत या नावाने शिकवला जातो. गटिंगेन विद्यापीठाने तिला सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट दिली, आणि तीही तिला समोर न बसवता, तोंडी परीक्षा न घेता. आधुनिक युरोपात गणितात डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री. वय वर्षे चोवीस.

आणि मग काय झाले? पदवीचा कागद घेऊन ती रशियात परतली. विद्यापीठात जागा नाही. मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना अंकगणित शिकवण्याचे काम, एवढीच काय ती तयारी. आमच्या वाचकांत असे कित्येकजण आहेत ज्यांच्याकडे नेट आहे, सेट आहे, पीएच.डी. आहे आणि हातात तासिका तत्त्वाची नेमणूक आहे. त्यांना सोफियाची ती वर्षे समजावून सांगावी लागणार नाहीत. जवळपास सहा वर्षे ती संशोधनापासून दूर राहिली. कागदावरचे लग्न एव्हाना खरे झाले होते. १८७८ मध्ये मुलगी झाली. धंद्यात पैसे बुडाले, संसार विस्कटला. १८८० च्या सुरुवातीला पीटर्सबर्गच्या वैज्ञानिकांच्या परिषदेत तिने आपला जुना निबंध वाचला. सहा वर्षे पेटीत पडलेले ते काम अजूनही ताजे होते. तिथून ती गणिताकडे परतली. १८८३ मध्ये आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात अडकलेल्या व्लादिमिरने आत्महत्या केली. पदरी लहान मूल, डोक्यावर कर्ज, हाताला काम नाही.

त्या वेळी गोस्टा मित्ताग-लेफ्लर हा स्वीडनचा गणितज्ञ तिच्या मागे उभा राहिला. तोही वायरश्ट्रासचाच विद्यार्थी. स्टॉकहोमला नवीच उच्च शिक्षणसंस्था निघाली होती. तिथे त्याने सोफियाला बोलावले. पहिले वर्ष पगार नाही. विद्यार्थी जे शुल्क देतील तेवढेच. सुरुवातीला तिने जर्मनमध्ये शिकवले, नंतर स्वीडिश शिकून त्या भाषेत. १८८४ मध्ये तिला पाच वर्षांसाठी प्राध्यापकपद मिळाले आणि त्याच वर्षी एका नामांकित गणिती नियतकालिकाच्या संपादक मंडळावर ती गेली. सारे गाव मात्र आनंदित नव्हते. ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग हा स्वीडनचा विख्यात नाटककार वर्तमानपत्रातून तुटून पडला की बाईने गणिताचे प्राध्यापक व्हावे हीच मुळी विकृत गोष्ट आहे. प्रतिभावंत माणूसही किती कोत्या मनाचा असू शकतो! आमच्याकडेही प्रतिभावंतांची कमतरता कधीच नव्हती. कमतरता न्यायबुद्धीची होती.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे बोर्दँ पारितोषिक होते. १८८८ साठी विषय ठरला होता, एका बिंदूभोवती फिरणाऱ्या घन पदार्थाच्या गतीचा. सोप्या भाषेत सांगायचे तर पोरांच्या भोवऱ्याचे गणित. भोवरा फिरतो, झुकतो, डोलतो. त्याची पुढची प्रत्येक हालचाल समीकरणाने नेमकी सांगता येईल काय? ऑयलरने एका प्रकारच्या भोवऱ्याचे उत्तर शोधले होते, लाग्रांजने दुसऱ्या प्रकारच्या. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे भले भले थकले. सोफियाने तिसरा प्रकार शोधून काढला आणि तो पूर्ण सोडवला. आजही त्याला कोवालेव्हस्काया भोवरा म्हणतात.

या पारितोषिकाची पद्धत अशी होती की निबंधावर लेखकाचे नाव लिहायचे नाही. एक बोधवाक्य लिहायचे आणि नाव बंद लिफाफ्यात ठेवायचे. परीक्षकांनी आधी निबंध निवडायचा, मग लिफाफा उघडायचा. पंधरा निबंध आले होते. त्यातला एक इतका वरच्या दर्जाचा ठरला की परीक्षकांनी पारितोषिकाची रक्कम ३,००० फ्रँकवरून ५,००० फ्रँक केली. २४ डिसेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये तो सन्मान सोफियाला देण्यात आला. लिफाफा उघडला आणि नाव बाईचे निघाले! त्याच वर्षी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईत जनतेने जोतीरावांना महात्मा म्हणून गौरवले होते.

इथे थोडे थांबू. आमच्यातले काही भाबडे लोक म्हणतील की पाहा, नाव झाकले की न्याय मिळतो. गुणवत्तेचे ठेकेदारही हेच म्हणतील की गुणवत्ता असेल तर बाईलाही मिळते, दलितालाही मिळते, मग आरक्षण कशाला, महिलांसाठी वेगळे पुरस्कार कशाला? वकील या नात्याने आम्ही या युक्तिवादाची उलटतपासणी करू इच्छितो.

पहिली गोष्ट, नाव झाकण्याला महत्त्व आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसते. मुलाखतीत आडनाव समोर असते, गाव समोर असते, बोलीचा हेल समोर असतो. १९८० मध्ये अजय हासिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की महाविद्यालयीन प्रवेशात मुलाखतीला एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त गुण ठेवणे मनमानी ठरेल. त्या प्रकरणात १५० पैकी ५० गुण मुलाखतीचे होते आणि मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या होत्या. लिफाफा का बंद असावा, याचे उत्तर या निकालात आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सोफिया भोवऱ्याच्या प्रश्नावर काम करते आहे, हे पॅरिसमधल्या काही गणितज्ञांना आधीच ठाऊक होते. ती त्यांना १८८६ मध्ये भेटली होती. तेव्हा लिफाफा हा काही चमत्कार नव्हता. मग चमत्कार कुठे घडला? तो त्याआधीच्या वीस वर्षांत घडला. शेजारच्या प्राध्यापकाने बापाला गाठले तेव्हा घडला. वायरश्ट्रासने चार वर्षे फुकट शिकवले तेव्हा घडला. मित्ताग-लेफ्लरने खुर्ची मिळवून दिली तेव्हा घडला. लिफाफा त्यालाच टाकता येतो जो लिफाफ्यापर्यंत पोहोचतो! ज्या मुलीला भिंतीवर कागद नाही, वसतिगृह नाही, प्रयोगवही घ्यायला पैसे नाहीत, तिच्या नावावर तुम्ही कितीही पांघरूण घाला. तिचा निबंध टेबलावर येणारच नाही. म्हणून निव्वळ नाव झाकून न्याय होत नाही. खुर्चीही द्यावी लागते. बाबासाहेबांनी घटनेत जी तरतूद केली ती या खुर्चीची आहे. विद्यापीठाला एकक न मानता विभागाला एकक मानण्याचा घाट घातला गेला, तेव्हा देशभर आंदोलन झाले आणि २०१९ मध्ये संसदेला कायदा करून विद्यापीठालाच एकक मानावे लागले. ती लढाई याच खुर्चीसाठी होती.

सोफियाला पारितोषिकानंतर तरी मायदेशाने जवळ केले काय? १८८९ मध्ये स्टॉकहोमने तिला कायमचे प्राध्यापकपद दिले. त्याच वर्षी रशियाच्या शाही अकादमीने नियम बदलून तिला पत्रव्यवहारी सदस्य केले. असा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. पण रशियातल्या एकाही विद्यापीठात तिला जागा मिळाली नाही. शाल-श्रीफळ द्यायचे आणि खुर्ची नाकारायची, ही पद्धत फक्त आमच्याकडचीच आहे असे आम्ही समजत होतो! याच काळात तिने आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिल्या, कादंबरी लिहिली आणि स्वीडनमधल्या शेतकऱ्यांच्या लोकविद्यालयाला भेट देऊन त्यावरही लेख लिहिला. वाड्यात जन्मलेली ही बाई शेतकऱ्यांच्या शाळेपर्यंत स्वतःच्या पायांनी गेली, याची आम्ही नोंद घेतो.

१० फेब्रुवारी १८९१ रोजी, फुप्फुसाच्या आजाराने, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी स्टॉकहोममध्ये तिचे निधन झाले. मेल्यानंतरही शास्त्रज्ञ म्हणवणाऱ्या पुरुषांची शंका फिटली नाही. तिचा मेंदू जतन केला गेला, त्याचे वजन केले गेले, एका पुरुष शास्त्रज्ञाच्या मेंदूशी त्याची तुलना झाली. बाईच्या डोक्यात गणित मावले कसे, याचे उत्तर त्यांना तराजूत शोधायचे होते. आमच्याकडे रिस्लेसारख्या गोऱ्या साहेबांनी याच काळात माणसांची नाके मोजून जातीची उच्चनीचता ठरवण्याचा उद्योग चालवला होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकांच्या मापांचीच आकडेवारी घेऊन सिद्ध केले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. मोजपट्टी त्यांची, निष्कर्ष आमचा! गणित आले की हे असे जमते.

तारखा पाहा. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. १० फेब्रुवारी १८९१ रोजी सोफिया गेली. आणि १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. यात दैवी काही नाही, आम्ही बौद्ध आहोत, योगायोगाला योगायोगच म्हणू. पण एकाच काळात जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत माणसे एकाच दारावर धडका देत होती, एवढे या तारखांवरून कळते.

सोफियानंतर काय? एमी नोएदर ही जर्मनीतली थोर गणिती. १९१५ मध्ये गटिंगेनला आली, तर प्राध्यापकांनी बाईला शिकवू देण्यास विरोध केला. कित्येक वर्षे दुसऱ्याच्या नावावर, बिनपगारी शिकवले. १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने ज्यू म्हणून तिला काढून टाकले. १९३५ मध्ये अमेरिकेत ती वारली. आज तिच्या नावाने व्याख्यानाचा सन्मान आहे, सोफियाच्या नावानेही आहे. १९९१ पासून अमेरिकन गणित संस्था महिला संशोधकांसाठी सॅटर पारितोषिक देते. व्हिएतनाममध्ये महिला वैज्ञानिकांना सोफियाच्याच नावाचा पुरस्कार दिला जातो. या पुरस्कारांना कुणी सवलत म्हणत असेल तर त्याने फील्ड्स पदकाचा हिशेब पाहावा. हे गणितातले जगातले अत्यंत मानाचे पदक १९३६ पासून दिले जाते. पहिली स्त्री २०१४ मध्ये, इराणची मरियम मिर्झाखानी. दुसरी २०२२ मध्ये, युक्रेनची मरिना व्याझोव्स्का. २०२२ पर्यंत ६४ जणांत फक्त दोन! आबेल पारितोषिक २००३ पासून. पहिली स्त्री २०१९ मध्ये, कॅरन उलनबेक. इतकी वर्षे पुरुषांसाठीच चाललेल्या या पदकांना कुणी पुरुषांचे आरक्षण म्हटले नाही.

आणि महाराष्ट्रात? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या रमण परिमला यांना १९८७ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. गणितात हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यानंतर २००४ मध्ये त्याच संस्थेतल्या सुजाता रामदोराई यांना तो मिळाला आणि २०१९ मध्ये कोलकात्याच्या नीना गुप्ता यांना. मराठी माणसांना मंगला नारळीकर ठाऊक आहेत. लग्न, मुले, घर सांभाळून त्यांनी १९८१ मध्ये गणितात पीएच.डी. केली आणि २०२३ मध्ये त्या वारल्या. शिकलेल्या, सुस्थित घरातल्या बाईलाही पीएच.डी.पर्यंत पोहोचायला लग्नानंतर पंधराएक वर्षे लागत असतील, तर तेंदूपत्ता तोडणाऱ्या मायच्या लेकीला किती लागतील? तिच्या वाटेत बाई असणे आणि जात असणे, अशी दोन दारे आहेत. आणि चंद्रपूर-गडचिरोलीत तिसरे दार आहे, ते अंतराचे. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीला २०११ मध्ये झाले, तोवर विद्यापीठाचे साधे काम निघाले तरी नागपूर गाठावे लागे. आजही सिरोंचा, भामरागड, एटापल्लीच्या मुलीसाठी महाविद्यालय म्हणजे पावसाळ्यात नाला ओलांडण्याचा प्रश्न आहे. गोंड, माडिया मुलीपुढे तर भाषेचे चौथेही दार आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की पुरस्कार हा शेवटचा पाडाव आहे, पहिला नव्हे. पहिला पाडाव भिंत आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर गावोगाव विहारे उभी राहिली. त्या विहारांच्या भिंती आज आम्ही कशासाठी वापरतो? देणगीदारांची नावे आणि कार्यक्रमाचे फलक! तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेखालची एक भिंत मुलांसाठी मोकळी करा. तिच्यावर पाढे लिहा, सूत्रे लिहा, भूमितीच्या आकृत्या काढा. पालिबिनोच्या वाड्यात हे चुकून घडले, रंगीत कागद संपला म्हणून. आमच्या विहारात ते ठरवून घडले पाहिजे. ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला भाषणे देतो, त्या दिवशी गावातल्या गणित घेणाऱ्या एका तरी मुलीच्या परीक्षा शुल्काची जबाबदारी विहार समितीने घ्यावी. नोकरीत असलेल्यांनी महिन्यातले दोन रविवार वायरश्ट्रास व्हावे, पैसे न घेता शिकवावे. आणि वसतिगृह, शिष्यवृत्ती, फेलोशिप वेळेवर मिळण्यासाठी आम्ही वकील मंडळींनी अर्ज, निवेदने आणि गरज पडल्यास याचिका करावी. हे काम आम्ही आमच्यावरही घेत आहोत.

त्या मुलीच्या वैधतेच्या प्रकरणात अजून एक उतारा यायचा आहे. ती पुन्हा येईल तेव्हा आमच्याकडे तिच्या प्रश्नाचे उत्तर असेल. होय ताई, मिळवले आहे. एका बाईने १८८८ मध्ये जगातल्या पुरुषांसोबत एकाच टेबलावर आपला कागद ठेवून मिळवले आहे, आणि तिच्यासाठी बक्षिसाची रक्कम वाढवावी लागली. मामालाही आम्ही सोबत बोलावले आहे. त्यांच्याशी वाद घालायचा नाही, फक्त सोफियाची ही हकीकत सांगायची आहे. आणि आमच्या टेबलावर या वेळी पाठकोरा जुना कागद नसेल. एक कोरी, दोनशे पानी वही तिच्यासाठी आणून ठेवली आहे.

जयभीम!